तणसाची ऊब : चंद्रपूर-गडचिरोलीत भटक्या मांजरांच्या हिवाळी निवाऱ्याचा इतिहास

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत भटक्या मांजरांसाठी हिवाळ्याचा निवारा मुद्दाम तयार करण्याची रीत जुनी नाही. पिढ्यानपिढ्या तशी गरजच पडली नव्हती. धानाची शेती, लाकडाची चूल, मातीचे घर आणि ढोरांचा कोठा या चार गोष्टींतून उबेची जागा आपोआप तयार होत असे, आणि ज्याला कोणी धनी नाही अशा जनावरालाही तिथे अंग टाकता येई. गेल्या तीस-चाळीस वर्षांत या चारही गोष्टी झपाट्याने बदलल्या. त्यामुळे निवाऱ्याचा हा इतिहास एका बाजूने शेतीचा आणि घरबांधणीचा इतिहास आहे, तर दुसऱ्या बाजूने माणसाच्या मनात मुक्या जिवाबद्दल जबाबदारी कधी आणि कशी जागी झाली, त्याचा.

हे दोन्ही जिल्हे ओळखले जातात ते उन्हाळ्यासाठी. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७ अंशांपलीकडे जातो आणि त्याच्या बातम्या देशभर होतात. हिवाळ्याकडे त्या मानाने कोणी पाहत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत इथला पारा रात्री १० अंशांच्या खाली येतो. उत्तरेकडचा कोरडा वारा सुटला की पूर्व विदर्भ कसा गारठतो, हे २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे दिसले. शेजारच्या नागपुरात त्या दिवशी ३.५ अंशांची नोंद झाली. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती यांच्या काठची आणि तलावांच्या आसपासची गावे जंगलाने वेढलेली असल्यामुळे तिथे पहाटे दाट धुके आणि भरपूर दव असते. दुपारी ऊन चांगले तापते, रात्री जमीन थंडगार पडते. लहान जनावराला हा फरक सोसत नाही.

मांजराच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. पाळीव मांजराचे मूळ आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजरात आहे, म्हणजे कोरड्या, उष्ण प्रदेशात. शरीराचे तापमान टिकवण्यासाठी वेगळी शक्ती खर्च करावी लागू नये, यासाठी मांजराला भोवतालची हवा ३० ते ३८ अंशांची लागते. माणूस उकाड्याने हैराण होतो, तेव्हा मांजर कुठे आरामात असते. १० अंशांच्या रात्री त्याला खाल्लेल्या अन्नाचा मोठा वाटा केवळ अंग गरम ठेवण्यात घालवावा लागतो. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची स्थिती याहून नाजूक. पहिले दोन-तीन आठवडे त्यांना स्वतःचे तापमान राखताच येत नाही; आईचे अंग, भावंडांचे अंग आणि खालचे अंथरूण एवढ्यावरच ती जगतात. कोरडी थंडी एक वेळ निभते, पण दवाने केस भिजले की पिल्लू एका रात्रीत दगावू शकते. मांजराचा निवारा म्हणजे काय, हे या दोन गरजांनी ठरते : वारा अडावा आणि अंग कोरडे राहावे. भिंती कशाच्या, छप्पर कशाचे, हे नंतरचे.

जुन्या गावात या दोन्ही गरजा कुठे भागत होत्या, हे समजण्यासाठी धानाच्या हंगामाकडे पाहावे लागते. चंद्रपूरच्या पूर्वेचे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली हे तालुके आणि गडचिरोलीचा बराच भाग मिळून झाडीपट्टीचा धानाचा पट्टा होतो. मालगुजारांच्या काळात बांधलेले तलाव, आजचे मामा तलाव, हे त्या शेतीचे जुने बळ. धान दिवाळीच्या सुमारास कापणीला येते. कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत सुकतात, मग भारे बांधले जातात, भाऱ्यांचे पुंजणे रचले जाते आणि सवडीने मळणी होते. म्हणजे थंडी वाढत जाते, त्याच दिवसांत गावात तणसाचे, म्हणजे धानाच्या सुक्या काडीचे, ढीग उभे राहतात. निसर्गाचा आणि शेतीचा हा मेळ मुद्दाम कोणी घातलेला नव्हता, पण लहान जनावरांच्या दृष्टीने याहून सोयीचे काही नव्हते. धानाच्या पिकातून दाण्याच्या वजनाइतके, बहुधा त्याहून अधिक, तणस निघते. ते वर्षभर ढोरांना पुरवायचे, म्हणून घराजवळच साठवले जाई : कोठ्याच्या माळ्यावर, परसात किंवा चार-सहा खांबांच्या मांडवावर. मांडवाखाली बैल बांधायचे आणि वर तणस रचायचे, ही मांडणी आजही कित्येक गावांत दिसते. वरच्या तणसामुळे खाली दव पडत नाही, आणि जनावरांच्या अंगाची ऊब खालीच कोंडून राहते.

तणस उबदार का असते, याचे उत्तर त्याच्या काडीत आहे. धानाची काडी आतून पोकळ असते. सैल रचलेल्या तणसात काडीच्या आत आणि काड्यांच्या मध्ये हवा अडकून राहते, आणि अडकलेली हवा उष्णता सहजी बाहेर जाऊ देत नाही. शिवाय काडी फारसे पाणी धरत नाही. त्यात शिरलेले जनावर स्वतःच्या अंगाने आपल्याभोवतीची पोकळी गरम करते, आणि ती तशीच राहते. गोधडी किंवा पोते यांचे उलट होते. कापड दव शोषून घेते, ओले होते आणि अंगातली उष्णता ओढून घेते. गावातल्या मांजरीला यातले शास्त्र ठाऊक असण्याचे कारण नाही, पण ती विण्यासाठी जागा निवडते ती तणसातच.

कोठ्याची बांधणीही याला पूरक होती. सागाचे किंवा येनाचे खांब, बांबूच्या ताट्यांवर शेणमातीचा लेप देऊन केलेल्या कुडाच्या भिंती, वर गवत किंवा कवेलू. हे सामान जंगलातून येई. मध्य प्रांताच्या काळापासून गावकऱ्यांना जळण, बांबू, गवत आणि घरापुरते लाकूड घेण्याची मुभा होती. तिला निस्तार म्हणत. मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपल्यावर हे हक्क निस्तारपत्रकांत नोंदवले गेले. बांबूच्या ताट्या विणण्यात बुरडांचा हात धरणारा कोणी नव्हता. कुडाच्या भिंतीला हवा लागते पण वारा थेट आत घुसत नाही, आणि खालच्या बाजूला कुठेतरी लेप निघून मांजर जाईल एवढी फट पडलेलीच असते. कवेलूंच्या छपराखाली आढ्याजवळ अंधारी, कोरडी पोकळी असते. आत बैलांच्या अंगाची ऊब. असा कोठा ज्याच्या घरी असे, त्याने मांजराला जागा दिली असे म्हणण्यापेक्षा मांजराने ती घेतली, आणि घरच्यांनी हाकलले नाही, असे म्हणणे खरे होईल.

घरात उबेची जागा चूल. रात्रीचा स्वयंपाक आटोपला की निखारे राखेखाली दाबून ठेवायचे, म्हणजे पहाटे फुंकर घालून पुन्हा विस्तव करता येतो, ही सर्वत्र रीत होती. त्या दडपलेल्या निखाऱ्यांमुळे चूल आणि तिचा वैल पहाटेपर्यंत कोमट राहत. वैलाशेजारी अंगाचे वेटोळे करून झोपलेले मांजर हे जुन्या मराठी घरातले नेहमीचे दृश्य होते. अंगणात शेकोटी असेच. माणसे उठून गेली की तिच्या कडेच्या राखेत कुत्री-मांजरी येऊन बसत. यात धोकाही होता. केस जळणे, पंजे भाजणे हे घडत असे. तरीही ज्या गावात माणसांच्याच अंगावर पुरेसे पांघरूण नसे, तिथे विस्तव हीच सर्वांची सामाईक शाल होती.

मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, असे मराठी घरांत सांगितले जाते. सात हा आकडा काही मोजून ठरलेला नाही, पण निरीक्षण अचूक आहे. एका जागी वास साचतो, पिसवा वाढतात, बोक्याला किंवा दुसऱ्या शत्रूला सुगावा लागतो, म्हणून मांजरी तोंडात धरून पिल्ले हलवत राहते. तिला एक निवारा पुरत नाही. पाच-सहा आडोशांची साखळी लागते. जुन्या गावात ती होती. एका घरचे तणस, दुसऱ्याचा माळा, तिसऱ्याच्या रिकाम्या ढोलीमागची सांद, देवळामागची पडवी. कोणत्याही एका घराने मांजर पाळलेले नसले तरी सगळ्या गावाने ते वागवलेले असे.

गावाने ते वागवण्याला पक्के कारण होते. धान कणग्यांत आणि ढोल्यांत साठवले जाई. बांबूची विणलेली ही भांडी शेणमातीने लिंपलेली असत आणि उंदरांना ती पोखरायला वेळ लागत नसे. वर्षाचे अन्न आणि पुढच्या हंगामाचे बियाणे त्यातच. मोहफुले, चारोळी, डाळी हेही घरातच. उंदरांमागे साप येत, आणि घोणस-मण्यारीच्या या मुलखात तो धोका धानाच्या नुकसानीहून मोठा होता. मांजर हा त्यावरचा एकमेव बिनखर्चाचा उपाय. धार्मिक समजुतींनीही त्याला आधार दिला. मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर दान करावे लागते, हा समज महाराष्ट्रात सर्वदूर होता. बाळाच्या पाचवी-सहावीला जिची पूजा होते ती सटवाई म्हणजे षष्ठी, आणि षष्ठीचे वाहन मांजर. आडवे गेलेले मांजर अपशकुनी मानणारी माणसेही त्याला मारायला धजत नसत. अर्थात, न मारणे वेगळे आणि सांभाळणे वेगळे. गोठ्यातल्या गाईला गायगोधनाच्या दिवशी ओवाळले जाई, बैलाचा पोळा होई, कुत्र्याला राखणीबद्दल आणि शिकारीतल्या सोबतीबद्दल भाकर मिळे. मांजराचा सण नव्हता, दावे नव्हते, ठरलेली भाकरही नव्हती.

सरकारी दप्तरातही त्याला जागा मिळाली नाही. नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यावर चांदा जिल्हा इंग्रजी अंमलाखाली आला आणि जमीन, जंगल, ढोरे यांची मोजदाद सुरू झाली. मोकाट जनावरांसाठी १८७१ चा कोंडवाड्याचा कायदा आला. पीक खाणारे जनावर कोंडवाड्यात नेऊन घालायचे. सात दिवसांत धनी आला नाही तर जाहीर सूचना काढायची. त्यानंतरच्या सात दिवसांतही कोणी आले नाही तर लिलाव. या कायद्यातल्या यादीत हत्ती, उंट, घोडे, म्हशी, गाढवे, डुकरे, शेळ्या-मेंढ्या आहेत; मांजर नाही. १९१९-२० पासून देशात पशुगणना होते. २०१९ च्या विसाव्या गणनेत कुत्रे आणि ससेही मोजले गेले, मांजर मोजले गेले नाही. त्यामुळे या दोन जिल्ह्यांत मांजरे किती, त्यांतली थंडीने किती मरतात, याची कुठलीही जुनी नोंद हाती लागत नाही. उपद्रव आणि उत्पन्न यांच्या हिशेबात जे बसले तेवढेच नोंदले गेले, ही त्या काळच्या कारभाराची मोठी उणीव होय.

कोळशाच्या गावांत चित्र थोडे निराळे होते. वरोऱ्याची खाण १८७० च्या दशकात सुरू झाली आणि पुढे बल्लारपूर, घुग्गुस, चंद्रपूर या भागांत खाणी वाढत गेल्या. खाणकामगारांच्या चाळींत आणि क्वार्टरांत तणस नव्हते, कोठाही नव्हता. तिथे घरोघरी कोळशाची सिगडी होती. दाराबाहेर पेटवलेली, रात्री विझत आलेली सिगडी आणि तिच्या राखेचा ढीग या मांजरांच्या उबेच्या जागा झाल्या.

जंगलखात्याने ज्याच्या हिवाळ्याची पद्धतशीर काळजी घेतली तो प्राणी हत्ती. आलापल्लीच्या जंगलातला साग ओढून काढण्यासाठी खात्याने हत्ती ठेवले होते. लाकूडओढीचे काम यंत्रांकडे गेल्यावर सिरोंचा वनविभागातल्या कमलापूरच्या कॅम्पात ते राहू लागले. हा महाराष्ट्रातला एकमेव शासकीय हत्तीकॅम्प. थंडीत हत्तींच्या तळव्यांना भेगा पडतात, म्हणून दरवर्षी हिवाळ्यात त्यांना काही दिवस सुट्टी देऊन वनौषधींच्या उकळलेल्या लेपाने पाय शेकले जातात. माहूत आणि चाराकटर त्याला ‘चोपिंग’ म्हणतात. कामाच्या जनावराचा हिवाळा कसा जपावा, याचे ज्ञान या जंगलात होते. बिनकामाच्या आणि बिनधन्याच्या जनावरापर्यंत ते पोहोचायला वेगळे कारण घडावे लागले.

ते घडले हेमलकशात. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळ लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा हा भाग चंद्रपूर जिल्ह्यातच होता. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला वेगळा झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे इथे आले ते माडिया आदिवासींच्या उपचारांसाठी. रस्ता नव्हता, वीज नव्हती, पावसाळ्यात नद्यांमुळे महिनोन्महिने जगाशी संबंध तुटे. माडियांच्या अंगावर जेमतेम लंगोटी असे, आणि हिवाळ्याच्या रात्री ते शेकोटीभोवती झोपून काढत. पूर्ण कपडे घालून या लोकांत वावरणे प्रकाश आमटे यांना पटेना. तेव्हापासून बनियन आणि अर्धी विजार हाच त्यांचा वेश झाला.

एके दिवशी जंगलातून जाताना आमटे दांपत्याला शिकार घेऊन परतणारे माडिया भेटले. मारलेल्या माकडिणीच्या छातीला तिचे जिवंत पिल्लू चिकटून होते. पिल्लाचे काय करणार, या प्रश्नाला उत्तर सरळ होते : खाणार. त्यामागे क्रूरपणा नव्हता, पोटातली भूक होती. आमट्यांनी ते पिल्लू मागून घेतले. तिचे नाव बबली ठेवले गेले, आणि हेमलकशाच्या प्राण्यांच्या अनाथालयाची ती सुरुवात ठरली. त्यानंतर माडियांना सांगण्यात आले की शिकारीत सापडलेली पिल्ले मारू नका, इकडे आणून द्या. बदल्यात धान्य, कपडे मिळतील. ही अदलाबदल या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. उपाशी माणसाला प्राणिदयेचा उपदेश करण्याऐवजी त्याच्या भुकेची सोय आधी केली गेली, आणि त्यामुळेच पिल्ले येऊ लागली. बिबटे, अस्वले, तरस, कोल्हे, हरणे, साळिंदर, मगरी, साप, घुबडे, आणि त्यांत रानमांजरेही.

सुरुवातीला या पिल्लांना वेगळे घर नव्हते. माणसांच्याच झोपडीत, माणसांच्याच अंथरुणात ती वाढली. आईवेगळ्या पिल्लाला दुधाआधी ऊब लागते; गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजले तर ते पचत नाही आणि उलट जिवावर बेतते. मांजराचे असो की बिबट्याचे, हे दोघांनाही सारखेच लागू आहे. प्रकल्पातले कार्यकर्ते विलास मनोहर यांनी अशाच वाढवलेल्या एका बिबट्याची हकीकत ‘नेगल’ या पुस्तकात सांगितली आणि हेमलकसा मराठी वाचकांच्या घराघरांत पोहोचले. प्रकाश आमटे यांचे ‘रानमित्र’ हेही याच प्राण्यांबद्दल. प्राणी मोठे होत गेले, संख्या वाढली, तसे पिंजरे, आवारे, रात्रीच्या आडोशाच्या खोल्या आल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राणी बाळगण्यावर बंधने घातली होतीच. १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाल्यावर अशा ठिकाणांसाठी आवाराचा आकार, आडोसा, आहार यांचे नियम ठरले. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांना २००८ चा रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो मुख्यतः माडियांमधील आरोग्य आणि शिक्षणाच्या कामासाठी. तरी ज्या जिवाचा माणसाला काडीचा उपयोग नाही त्यालाही निवारा देणे हे माणसाचे काम आहे, ही गोष्ट या भागात प्रत्यक्ष करून दाखवण्याचे श्रेय हेमलकशालाच द्यावे लागते.

इकडे गावांमध्ये त्याच काळात उबेच्या जुन्या जागा एकेक करून कमी होऊ लागल्या. आयआर-८ (१९६६) आणि जया (१९६८) या बुटक्या वाणांपासून धानाची काडी आखूड होत गेली. बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली तसे कोठे रिकामे पडले, मग पडले, मग त्या जागी खोल्या उठल्या. गेल्या काही वर्षांत कापणीला हार्वेस्टर येऊ लागला. त्यातून काडी तुटून बांधीतच विखुरते. कडपा नाही, भारे नाहीत, पुंजणे नाही, आणि घराजवळ तणसाचा ढीगही नाही. धान पोत्यांत भरून थेट विक्रीला जाते, घरी राहते ते पत्र्याच्या कोठीत. उंदीर कमी झाले तशी मांजराची गरजही कमी झाली.

घरही बदलले. घरकुल योजनांतून विटा-सिमेंटची पक्की घरे उभी राहिली. २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागात आल्यावर हा वेग वाढला. त्याच वर्षी उज्ज्वला योजनेने गॅसची शेगडी आणली. धुराने डोळे आणि फुप्फुसे जाळून घेणाऱ्या बायकांची त्यातून थोडीफार तरी सुटका झाली, आणि कोणाही शहाण्या माणसाला याचा आनंदच वाटेल. मातीच्या गळक्या घराची आठवण काढून हळहळण्यातही अर्थ नाही. पण स्लॅबच्या घराला फट नसते, सिमेंटची फरशी रात्री बर्फासारखी गार पडते, आणि गॅसच्या शेगडीला राख नसते. मांजरांनी मग वेगळे आडोसे शोधले : उभ्या गाड्यांच्या इंजिनाखालची जागा, गटारावरच्या फरश्यांखालची पोकळी, बंद दुकानांच्या ओट्याखालचा अंधार, बाजारातल्या रिकाम्या खोक्यांचा ढिगारा. यांतली पहिली जागा सर्वांत वाईट. रात्री गरम इंजिनाला बिलगलेले मांजर सकाळी गाडी सुरू होताच चिरडते.

मुद्दाम तयार केलेल्या निवाऱ्याची कल्पना या पार्श्वभूमीवर आली. तिचे आजचे रूप बऱ्याच अंशी अमेरिकेतल्या मांजरप्रेमी संस्थांकडून जगभर पोहोचले. १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘अ‍ॅली कॅट अलाइज’ने भटक्या मांजरांची नसबंदी करून त्यांना त्यांच्या जागी परत सोडण्याचा आणि हिवाळ्यात खोकी ठेवण्याचा प्रसार केला. त्या खोक्यांत भरण्यासाठी या संस्था जे सुचवतात ते दुसरे काही नसून तणस आहे. चादरी आणि वर्तमानपत्रे घालू नका, असेही त्या बजावतात. झाडीपट्टीच्या मांडवावर जे पिढ्यानपिढ्या पडून होते, तेच बर्फाच्या प्रदेशात उपाय म्हणून शोधून काढावे लागले.

इथल्या हवेत असा निवारा अगदी साधा चालतो. मासळीबाजारातले थर्मोकोलचे झाकणाचे खोके, पुठ्ठ्याचे जाड खोके किंवा बुरडाकडची मोठी टोपली प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून घेतली तरी पुरते. खोके मोठे नसावे. दोन-तीन मांजरे अंगाला अंग लावून मावतील एवढेच असले तर त्यांच्याच उबेने गरम राहते. दार सुमारे १५ सेंटिमीटर रुंद, म्हणजे मांजर जाईल आणि कुत्रे जाणार नाही. दाराचे तोंड वाऱ्याच्या दिशेला नको. खाली दोन विटा ठेवल्या की जमिनीचा गारवा आणि ओल लागत नाही. आत तणस सैल भरावे, दाबून नव्हे. ओले झाले की बदलावे. चंद्रपूर शहरात यासाठी सर्वांत अवघड वस्तू तणसच ठरते, आणि तालुक्याच्या गावाहून येणाऱ्या कोणाकडून एक पोते मागवले तर हिवाळा निघतो.

या दोन जिल्ह्यांत मात्र आणखी एका गोष्टीचा विचार करणे भाग आहे, जी पुण्या-मुंबईत फारशी करावी लागत नाही. इथे गावाच्या शिवाराला जंगल लागून आहे. गडचिरोलीचे सत्तर टक्क्यांच्या आसपास क्षेत्र वनाखाली आहे. चंद्रपुरात ताडोबा-अंधारीच्या भोवती, आणि थेट औष्णिक वीज केंद्राच्या झुडपी परिसरात, दुर्गापूरसारख्या वस्त्यांपर्यंत बिबटे येतात. कुत्री-मांजरे एका जागी जमली, त्यांच्यासाठी तिथे रोज अन्न टाकले गेले, की बिबट्याला तिथे यायला कारण मिळते आणि त्याची किंमत एखाद्या लहान मुलाला मोजावी लागू शकते. म्हणून निवारा वस्तीच्या कडेला, नाल्याकाठी किंवा झुडपाजवळ ठेवू नये. तो माणसांच्या राबत्यात, भिंतीच्या आत, जमिनीपासून वर असावा, आणि त्याच्याजवळ रात्री अन्न उरू देऊ नये.

दुसरा धोका उलट दिशेचा आहे. विदर्भाच्या जंगलांत रानमांजर आहे आणि वाघाटीही आहे. वाघाटी हे जगातल्या सर्वांत लहान रानटी मांजरांपैकी एक. वजन दीड किलोच्या आसपास. लस न टोचलेल्या गावमांजरांकडून पॅनल्युकोपेनियासारखे जीवघेणे आजार त्यांच्यापर्यंत पोहोचू शकतात, आणि रानमांजराशी गावमांजराचा संकरही होतो. निवाऱ्यामुळे पिल्ले वाचणार, वाचलेली पिल्ले वर्षाच्या आत विणार, आणि संख्या वाढली की त्यांतली काही रानाकडे जाणार. मुंबई महापालिकेने २०१९ मध्ये मांजरांच्या नसबंदीला सुरुवात केली. जंगलाला लागून असलेल्या या दोन जिल्ह्यांना तिची गरज मुंबईहून अधिक आहे.

धानकापणीत बांधीच्या धुऱ्यावर, गवतात सापडणारी पिल्ले हाही याच विषयाचा भाग आहे. ती बिबट्याची समजून गावात गोंधळ उडतो आणि बहुतेक वेळा ती रानमांजराची निघतात. पूर्वी अशी पिल्ले मारली जात किंवा घरी आणली जात. आता वनखात्याची पद्धत अशी की पिल्ले सापडल्या जागीच, उघड्या टोपलीत तणस घालून, त्याच रात्री ठेवायची आणि माणसांनी दूर राहायचे. बहुतेकदा आई रात्रीतून येऊन ती घेऊन जाते. अशा पिल्लांना हात लावण्याआधी वनरक्षकाला कळवावे, आणि गावातल्या मांजरांसाठी खोके ठेवणाऱ्याने त्याच आठवड्यात तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन लस आणि नसबंदीची चौकशी करावी.